अख्खी गोळी

औषधवाल्याने सवयीने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"मास्तर, आज अख्खं पाकीट न्या. सरकारने कंपनीशी घासाघीस करून या गोळीचा भाव पाडलाय. विमा वजा जाता तुम्हाला आता आधीच्या पाव पैशांतच पडेल."

टेलरमास्तरांनी चष्मा पुसला. "पुन्हा बघा. तुमचं मशीन चुकलं असेल."

"तीनदा बघितलं. माझाही विश्वास बसेना."

दर महिन्याला मास्तर अर्ध्याच गोळ्या कापून घेत. "उरलेल्या नंतर नेतो" म्हणत. औषधवाला मान डोलवी. ते नंतर काही कधी उजाडलं नाही. आज मात्र पाकीट छातीशी धरून ते दुकानाची पायरी उतरले, आणि वाटेत ज्याच्याशी धड ओळखही नव्हती अशा माणसाला हात करून बसले.

घरी बायको सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिची हृदयाची गोळी दीड वर्ष मास्तरच देत आले होते. शिवण उसवायच्या ब्लेडने बरोबर मधोमध कापायची, बटणांच्या डबीत ठेवायची, सकाळी तिच्या तळहातावर द्यायची. कण म्हणून सांडत नसे. डॉक्टर तिलाच म्हणत, "पथ्य पाळत नसाल, नाहीतर एवढ्यात सूज उतरायला हवी होती." मास्तर तेव्हा भिंतीवरचा तक्ता वाचत बसत. त्यावर काय लिहिलंय ते आजही त्यांना सांगता येणार नाही.

त्यांनी अख्खी गोळी तिच्या हातावर ठेवली.

"ही माझी नव्हे," ती म्हणाली. "चुकीचं औषध दिलंय मेल्याने. माझी एका बाजूने सपाट असते."

मास्तरांना हसू आलं. "तुझीच आहे गं. ती सपाट बाजू मी केलेली. अख्खी परवडत नव्हती."

तिने गोळी बोटांत धरून सगळ्या बाजूंनी फिरवली.

"म्हणजे मी दीड वर्ष मीठ सोडलं, ते उगाच?"

"उगाच नाही..." मास्तर अडखळले. "डॉक्टरांना उद्या मीच सांगतो. सगळं."

"सांगाच. मी शेजारी बसून ऐकणार आहे."

तिने डोळे मिटून गोळी गिळली. वर पेलाभर पाणी प्यायली.

"केवढी मोठी आहे हो."

"होईल सवय," मास्तर म्हणाले, आणि रिकाम्या डबीत परत बटणं भरू लागले.