वरचा चमचा

सात नंबरच्या खाटेची वाटी आजही अर्धी परत आली. मावशींनी ती उजेडात धरून पाहिली, नाक मुरडलं आणि उरलेलं सूप मोरीत ओतून दिलं.

"गाजराचं धुवण," त्या म्हणाल्या. ऐकायला कोणी नव्हतं, पण मावशी भिंतींनाही सुनावायला कमी करत नसत.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांची बावीस वर्षं गेली होती. सात महिन्यांपूर्वी आहारतज्ज्ञ मॅडम आल्या, त्या बगलेत वजनकाटा घेऊनच. मावशींनी त्याच दिवशी तिचं बारसं केलं, काटाबाई. फुंकर मारली तर उडेल अशी काडी, आणि ही जगाला जेवायला शिकवणार! मैदा नको म्हणे, फ्लॉवर उकडून वाटा आणि त्यानं सूप दाट करा. साय नको, दही फेटून घाला. मसूर पन्नास ग्रॅम, पालक शंभर, गाजर ऐंशी, अंड्याचा फक्त पांढरा भाग. भिंतीवर रोजचा तक्ता लागायचा आणि त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असायचं, 'कमी उष्मांक, पूर्ण पोषण'. मावशी ते मोठ्यानं वाचत आणि पुढे जोडत, "कमी अक्कल, पूर्ण तोरा."

हा सगळा थाट अकरा खाटांच्या एका वॉर्डासाठी होता. वजन उतरल्याशिवाय ज्यांचं ऑपरेशन करता येत नव्हतं, असे रुग्ण तिथे असायचे. डॉक्टरांच्या अटी दोन. वजन उतरलं पाहिजे, आणि शुक्रवारी दोन जिने न थांबता चढता आले पाहिजेत. नुसतं वाळून चालणार नव्हतं. अंगात ताकद नसेल तर ऑपरेशनची तारीख रद्द.

पहिल्या दिवशी तक्त्यात माणशी एक चमचा तेल होतं. मावशींना हसू आवरेना. एका चमच्यात काय माशी तळायची? काटाबाईची पाठ वळताच त्यांनी लसणाची फोडणी केली आणि प्रत्येक वाटीत दोन चमचे घातले. दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यावर लाल शाईनं आलं, 'तेल: नाही', आणि पुढे रोज तेच. चिकटपणाची हद्द झाली. मावशींनी तिरीमिरीत एक चमचा घातलाच, आणि त्या दिवसापासून रोज घालत राहिल्या. वाट्या चाटूनपुसून परत येत. माणसांची वजनं उतरत, माणसं जिने चढत, आणि डॉक्टर काटाबाईची पाठ थोपटत. मावशी कोपऱ्यातून बघत. जिने माझं तेल चढतंय आणि मिरवतेय ही काडी!

मग तीन आठवड्यांपूर्वी सात नंबरच्या खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ आला. हर्नियाचं ऑपरेशन होतं, आणि फार थांबण्यात धोका होता. आई गेल्यावर त्याला मावशींनीच वाढवला होता. त्याला ताट वाढण्यात त्यांनी कधी हात आखडला नाही, आणि तो असा वाढला की डॉक्टरांनी हात टेकले.

भावाच्या वाटीपाशी मात्र मावशींचा चमचा थांबला. काटाबाईला काही कळत नाही हे खरंच. पण चुकून कळत असलं तर? लोकांचं ठीक होतं, हा आपला होता. त्या त्याची वाटी वेगळी काढू लागल्या. काट्यावर तोलून, तक्त्याबरहुकूम, तेलाचा थेंब नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्वतःशीही कबूल केलं नाही.

"ताई, शेजारच्याच्या वाटीला काय वास सुटतो गं," भाऊ कुरकुरायचा.

"शेजारच्याच्या वाटीत नाक खुपसू नकोस. गप गिळ."

त्याचं वजन झरझर उतरलं. अकरा जणांत सगळ्यांत जास्त. मावशी रोज त्याचा आकडा बघून यायच्या आणि येताना पुटपुटायच्या, रडतोय मेला, पण उतरतोय.

आज शुक्रवार होता. सकाळी भाऊ पाचव्या पायरीवर मटकन बसला आणि त्याचे डोळे फिरले. दोघांनी उचलून त्याला खाटेवर आणला. सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं. आता महिनाभर थांबायचं, आणि तोवर आतडं अडकलं तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मावशींना विचारायचा धीर झाला नाही.

ती अर्धी वाटी मावशी अजून घासतच होत्या, तेव्हा काटाबाई आत आली. हातात अकरा जणांचे कागद होते.

"मावशी, दहा जण ठणठणीत आहेत. एकट्या तुमच्या भावालाच असं का व्हावं, मला कळत नाही."

"तुम्हाला काय कळतं?" मावशींच्या तोंडाचा पट्टा सुटला. "तुमच्या त्या कागदानं आडवा केला त्याला. ग्रॅमभर इकडचं तिकडे केलं नाही मी. तेलाचा थेंब पडू दिला नाही त्याच्या वाटीत. त्याच्या एकट्याच्या!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांनी नळ बंद केला.

काटाबाई शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं भिंतीवरच्या लाल शाईकडे बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"पहिल्या दिवशी मी एक वाटी चाखली होती, मावशी," ती म्हणाली. "एक लिहिलं की तुम्ही दोन घालता. नाही लिहिलं, की बरोबर एक पडतो."