उतारावरची खुर्ची

बाईंनी सातव्या व्हीलचेअरवर लाल चिठ्ठी चिकटवली आणि हमालांना हात केला.

"थांबा. ट्रकमध्ये आता काही चढवू नका."

हमालांनी हातातली खुर्ची होती तिथेच टेकवली. बाईंना कारखान्यात सगळे मागून 'नापासबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. मालाची तपासणी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. पास केलेला माल कुणाच्या लक्षात राहत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

पाच मिनिटांत खरेदी विभागाचे साहेब जिना उतरून आले.

"काय झालं, बाई? साठ खुर्च्या आज वृद्धाश्रमात पोचायच्यात. तारीख दोनदा पुढे ढकललीय आपण."

"ब्रेक धरत नाहीत."

साहेबांनी जवळच्या खुर्चीचा दांडा ओढला. खट् झालं. चाक हलेना.

"धरतोय की!"

"सपाटीवर धरतो. इकडे या."

माल चढवायच्या सिमेंटच्या उतारावर एक खुर्ची उभी होती. तिच्यात वाळूची दोन पोती, माणसाच्या वजनाइतकी. बाईंनी चाकाशी खडूने रेघ मारून ठेवली होती. चाक त्या रेघेच्या वीतभर खाली उतरलं होतं.

"वीतभर सरकली म्हणून काय आभाळ कोसळलं?"

"ही वीतभर. याच्या आधीची पार भिंतीला जाऊन लागली. कुठली कधी सुटेल, सांगता येत नाही."

साहेबांनी फोन लावला. ब्रेक बनवणाऱ्या काकांचं वर्कशॉप मागच्याच गल्लीत होतं. काका ग्रीसचे हात पुसत आले. सुटा ब्रेक हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला.

"पट्टी वाकतेय," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. का वाकतेय? पार तोंडघशी पाडलंत मला."

"पट्टी तीन एमएमची होती. तुम्ही दर पाडलात, मी अडीचची केली. पुन्हा पाडलात, दोनची झाली. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, साहेब?"

"मग सांगायचं होतंत!"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जमत नसेल तर दुसरा बघतो." काकांनी ब्रेक परत बाईंच्या हातात दिला. "माझ्याकडे सात माणसं कामाला आहेत. मी म्हटलं, जमतंय."

हमाल ट्रकच्या टायरकडे निरखून पाहू लागले. गेल्याच महिन्यात मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर खरेदी-साहेबांची पाठ थोपटली होती. एकट्या ब्रेकवर इतकी बचत आजवर कुणी करून दाखवली नव्हती.

"हे पोत्यांचं काही खरं नाही," साहेब अखेर म्हणाले. "पोतं मुडद्यासारखं पडून राहतं. माणूस सावरून बसतो. काढा ती पोती, मी बसतो."

पोती उतरवली. साहेब खुर्चीत बसले. बाईंनी दोन्ही बाजूंचे ब्रेक लावले, मुठीने ओढून खात्री केली आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. काका उताराच्या खालच्या अंगाला उभे राहिले.

एक मिनिट गेलं. खुर्ची जागची हलली नाही. दुसरं मिनिट गेलं.

"काय, बाई?" साहेबांचा चेहरा खुलला. "काढा आता त्या चिठ्ठ्या."

बाई खाली पाहत होत्या.

"पाय उचला, साहेब."

साहेबांनी खाली पाहिलं. दोन्ही बूट सिमेंटवर घट्ट रोवलेले होते.

"सवयीने टेकले," ते म्हणाले.

"त्या लोकांना टेकवता येत नाहीत."

साहेबांनी एक पाय उचलून पायटेकूवर ठेवला. थोड्या वेळाने दुसरा ठेवला.

"हातपण, साहेब. चाकावरून काढा."

हात चाकांवर कधी गेले, ते साहेबांनाही कळलं नव्हतं. त्यांनी ते काढून मांडीवर ठेवले. काहीच झालं नाही. ते काहीतरी बोलणार होते, म्हणून त्यांनी घसा खाकरला. तेवढा हिसका पुरला.

खुर्ची आधी बोटभर सरकली आणि मग एकदम सुटली. कुणी ओरडलं नाही, तेवढा वेळच नव्हता. काकांनी वाकून दोन्ही हातांनी खुर्ची धरली. पायटेकूची कड त्यांच्या नडगीवर बसली. त्यांनी दात आवळले, पण खुर्ची सोडली नाही.

दोघांच्या चेहऱ्यांमध्ये हातभर अंतर होतं. काकांच्या कपाळावरचा घाम साहेबांना दिसत होता.

"ट्रक उतरवा," साहेब म्हणाले.

"सगळ्या खुर्च्या?" एका हमालाने विचारलं.

"सगळ्या."

हमाल ट्रककडे निघाले. बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून आठव्या खुर्चीकडे वळल्या. वर मोठ्या साहेबांना काय सांगायचं, हे कुणीच विचारलं नाही.

नडगी चोळायला म्हणून काकांनी एक हात सैल केला. खुर्ची पुन्हा किंचित हलली.

"सोडू नका, काका," साहेब घाईघाईने म्हणाले. "जरा धरून ठेवा. मला उतरायचंय."