उरलेला प्याला

प्याल्यात अजून अर्ध्याहून जास्त द्राक्षारस होता आणि चर्च रिकामं झालं होतं.

आली होती नऊ माणसं. नऊच. आणि पाळकसाहेबांनी ओतला होता चाळीस जणांचा. साहेब नवे, सहाच महिने झाले होते येऊन, वय तिशीच्या आतबाहेर, आणि त्यांचं म्हणणं असं, की नऊ जणांपुरता मोजून ओतला म्हणजे दहावा येणारच नाही हे आपणच आधी ठरवून टाकलं. म्हणून दर रविवारी प्याला काठोकाठ. मग उपासना संपली की उरलेला ते स्वतःच पिऊन टाकायचे, कारण एकदा आशीर्वाद मागितलेला द्राक्षारस बाटलीत परत जात नाही आणि मोरीत तर नाहीच नाही, तो तिथल्या तिथे संपवायचा आणि प्याल्यावर पांढरं फडकं टाकायचं, असा त्या चर्चचा नियमच होता. पण या वेळी साहेब काविळीतून उठून जेमतेम आठवडा झालेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक थेंबसुद्धा नाही. त्यांनी नुसते ओठ लावले. ओतताना मात्र हात सवयीनं चालला तो चाललाच.

आणि तासाभरापूर्वीच या साहेबांनी रोजच्या रोज स्वतःला नाही म्हणण्यावर जोरदार प्रवचन दिलेलं, नऊ माणसांना, चाळीस माणसांच्या आवाजात.

दुसऱ्या चर्चची उपासना अकराला होती, तिकडची बस गाठायची होती. साहेबांनी घाईघाईनं प्याला घंटाकाकांच्या हातात ठेवला.

"काका, एवढं संपवून टाका. माझी बस चुकेल."

घंटाकाका म्हणजे घंटा वाजवणारे, झाडणारे, कुलूप लावणारे, सगळं तेच. अकरा वर्षांत घंटेला एक मिनिट उशीर नाही, लोक स्वतःच्या घड्याळावर संशय घ्यायचे पण काकांवर नाही. त्याआधीचे काका वेगळे. त्या काकांना काकू रस्त्यावरून उचलून आणायच्या, खांद्यावर टाकून, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. मग एक दिवस दारू सुटली. सुटली म्हणजे काय, रोज पहाटे घंटेचा दोर ओढताना काका मनात म्हणायचे, आजच्यापुरती नको. उद्याचं काही बोलायचे नाहीत. उद्याची वचनं त्यांनी पूर्वी पोत्यानं दिलेली. प्रभुभोजनात ते नुसती भाकर घ्यायचे आणि प्याला आला की दार बघायला म्हणून मागं सरकायचे. जुन्या पाळकांना हे माहीत होतं. ते निवृत्त होऊन गेले, नव्यांना कुणी सांगितलं नाही, आणि काकांनी तरी काय म्हणून सांगायचं? आठवडे गेले, तसं सांगणं आणखीच अवघड झालं.

"प्रभूचा प्याला आहे हो," झगा काढता काढता साहेब हसून म्हणाले, "कडू काढा असल्यासारखं तोंड काय करताय?"

काकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हेच सगळ्यात वाईट होतं. इतक्या वर्षांनी, वेदीसमोर उभं राहून, तोंडाला पाणी. नाही म्हणावं तर प्रभूलाच नाही म्हटल्यासारखं, आणि एक घोट घेतला की अकरा वर्षं गेली, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. प्याला छातीपासून हनुवटीपर्यंत आला होता. कसा आला त्यांना कळलं नाही.

काकू मागच्या बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करत होत्या. हातातला गठ्ठा त्यांनी तिथेच टाकला आणि आल्या.

"इकडे द्या," त्या म्हणाल्या, आणि साहेबांकडे न बघता, "यांचं पोट बरं नाही कालपासून."

साहेबांना नवल वाटलं, कारण काकूंनी कधीच प्याल्याला तोंड लावलं नव्हतं. त्यांनाही नुसती भाकर. त्यांना तो वास सहन व्हायचा नाही, खोकल्याच्या औषधाचासुद्धा नाही. एकेकाळी तो वास त्यांच्या उशीला होता, पडद्यांना होता, लेकीच्या वेणीला होता. लेक त्या वासापायी घरातून गेली ती परत आलीच नाही.

काकांची बोटं प्याल्यावरून सुटेनात. काकूंनी एकेक सोडवलं.

मग प्यायल्या. उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या घोटाला उमळून आलं, छातीवर हात दाबून धरला, थेंब पडू दिला नाही, पुन्हा प्यायल्या. तळाशी पाणी घालून प्याला विसळला आणि तेही प्यायल्या. फडकं टाकलं. साहेब म्हणाले, काका, पोटासाठी लिंबूपाणी घ्या हं, आणि बससाठी पळाले.

काकांनी कुलूप लावलं. रोजच्यासारखी दोघं शेजारी शेजारी चालायला लागली, आणि दहा पावलांवर काकू एकदम थबकल्या, तोंडावर रुमाल दाबला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. काका मागोमाग निघाले तर त्यांनी लांबूनच हात दाखवला.

"तिथंच राहा. वास येतोय माझ्या तोंडाला."

मग एका बाजूनं काका, दुसऱ्या बाजूनं काकू, मधे अख्खा रस्ता. काका थांबले की त्या थांबायच्या, ते निघाले की निघायच्या. चौकात वारा फिरला, त्यांच्याकडून काकांकडे वाहायला लागला. काकू उभ्या राहिल्या, मान वळवून अंदाज घेतला, आणि काका बरेच पुढे जाईपर्यंत तिथेच थांबल्या.