थोरली स्प्रिंग

मांडवाच्या तोंडाशी मोटारसायकल लावून अंगद आत शिरला, तेव्हा काल्याचं कीर्तन गवळणीवर आलं होतं. बेलापूरच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस. वर दहीहंडी टांगलेली, खाली पाय ठेवायला जागा नाही. मध्यभागी रंभाजी महाराज उभे. सत्तरी ओलांडलेली, कपाळी बुक्का, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, माझ्याशीच बोलताहेत.

अंगदला त्यांना एकच वाक्य सांगायचं होतं. आज उडी मारू नका.

नगरहून निघण्याआधी त्यानं इथल्या एसटीडी बूथवर फोन लावून पाहिला होता. उचलणार कोण? बूथवाला पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा होता.

महाराजांच्या ओटीपोटात, प्रोस्टेटच्या गाठीनं आवळलेल्या लघवीच्या वाटेत, अंगदनं एमआयडीसीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये वळलेली स्प्रिंग होती. ती आत नेणारं यंत्रही त्याचंच. बारीक नळी, टोकाशी दाबून बसवलेली स्प्रिंग, मागं खटका. सावेडीतल्या डॉक्टरांनी नळी आत सरकवली, खटका दाबला, स्प्रिंग उमलली आणि गाठीला बाजूला रेटून बसली. महाराज आपल्या पायांनी चालत घरी गेले.

तशीच एक स्प्रिंग वर्कशॉपमधल्या बरणीत होती, कोमट लघवीत बुडवून ठेवलेली. लघवी अंगदचीच, रोज ताजी. कामगार हसायचे, साहेबांनी लोणचं घातलंय म्हणायचे. महाराजांना स्प्रिंग बसवली त्याच्या आठवडाभर आधी ही बरणीत पडली होती, म्हणून ही थोरली. थोरलीला काही झालं तर धाकटी काढून घ्यायला आठवडा हाताशी राहील, असं त्यानं धरलं होतं. आज सकाळी त्यानं थोरली चिमट्यानं उचलली. अंगावर मुतखड्यासारखा पांढरा थर, आणि थराखाली तार कुजलेली. बरणीच्या काठाला नुसती टेकली, तर दोन वेढे तुटून खाली पडले. तुटलेलं टोक सुईसारखं होतं.

त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुपारपर्यंत महाराजांना घेऊन या, काढून टाकू, तोवर त्यांना धक्का बसू देऊ नका.

आणि बरणीतली स्प्रिंग तर कधी नाचलीही नव्हती.

अंगद माणसांतून वाट काढू लागला. दोन रांगा ओलांडल्या असतील, तोच एका म्हाताऱ्यानं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. हे आबासाहेब, गावातलं वडीलधारं माणूस. महाराजांशी फार निकडीचं काम आहे, असं अंगद त्यांच्या कानात म्हणाला.

"कीर्तनात आडवं जात न्हाईत पोरा," आबासाहेब म्हणाले. "आदी देवाचं हुंदे. मग तुजं."

तेवढ्यात महाराजांनीच त्याला पाहिलं. त्यांनी हात वर केला, तसा टाळ-मृदंग थांबला. मायबाप हो, ते म्हणाले, मागच्या काल्याला तुमचा महाराज धोतराखाली लघवीची पिशवी बांधून उभा होता, पोरं खेळत होती आणि मी नुसता बघत होतो. बायका पदरात हसल्या. महाराजही हसले. देवाच्या वाटेला मीपण आडवं येतं, तशी माझ्या वाटेला गाठ आडवी आली होती. आणि तिथं बसलाय ना, तो नगरचा अंगद, त्यानं सुरी न लावता वाट मोकळी करून दिली. ज्यांना रात्रीतून दहा वेळा उठावं लागतं, त्यांनी लाजू नका. त्याला गाठा.

मांडवातली पांढरी डोकी एकामागून एक अंगदकडे वळली. कुणी हसत नव्हतं.

"त्यो तूच व्हय?" शर्ट धरलेला आबासाहेबांचा हात आता त्याच्या गुडघ्यावर आला. "माजं नाव पयलं घाल बाबा. लई हाल हुत्यात."

नको आजोबा, अंगद म्हणाला, कुणीच नाव देऊ नका. आबासाहेब शेजारच्याला म्हणाले, बघ, एवढं केलं पन तोरा न्हाई पोराला.

मृदंगावर थाप पडली. खेळ सुरू झाले. महाराजांनी उपरणं कमरेला कसलं आणि अंगदला हाक मारली, ये, पहिली फुगडी तुझ्यासंगं. मघाशी इंचभर न सरकलेली माणसं आता बाजूला झाली. पाठीवर हात देत देत त्यांनी त्याला पुढं ढकललं. अंगदनं पायावर डोकं ठेवलं, उठता उठता त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"महाराज, आतली स्प्रिंग तुटायला झालीय. उडी मारू नका. माझ्याबरोबर चला."

शंभर टाळ एकदम वाजत होते. महाराजांनी मान डोलावली, त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि त्याचे दोन्ही हात धरले.

फुगडीत हात सोडला की समोरचा पाठीवर आपटतो. अंगदनं हात सोडले नाहीत. त्यानं पाय रोवून पाहिले, वेग कमी करून पाहिला. पण महाराज मागं झुकले होते, त्यांचं सगळं वजन त्याच्या हातांवर होतं, आणि दर फेऱ्याला ते लहान पोरासारखी उडी घेत होते. मांडव गरगरत होता. त्या गरगरण्यात फक्त समोरचा चेहरा स्थिर होता, घामानं चमकणारा, सुखानं भरलेला. इतकं सुखी माणूस अंगदनं कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

मग महाराजांची बोटं त्याच्या मनगटात रुतली.

चेहऱ्यावरचं हसू लोकांसाठी तसंच राहिलं. ओठ हलले. ऐकू काही आलं नाही, पण अंगदला कळलं, ते म्हणत होते, सोडू नको.

मृदंगवाल्यानं लय आणखी वाढवली.