सुमनबाईचा पहारा

संगिता रिकामा हंडा कडेवर घेऊन तिसऱ्यांदा दवाखान्याच्या दारासमोरून गेली. दार उघडं होतं. आत बाकडं होतं, बाकड्यावर कुणी नव्हतं. दहा पावलांचं अंतर. पण दाराला लागूनच असलेल्या आपल्या घराच्या ओट्यावर सुमनबाई बसली होती.

"काहून गं, हापशाला पाणी न्हाई का?"

"लई गर्दी हाय, आत्याबाई."

"मंगळवारी कुठली आलीय गर्दी? निम्म्या बाया तर माझ्याच घरात हळद निवडायला हायेत. जा घरी. इथं घुटमळू नको."

संगिता वळली. ओटीपोटात कुणी निखारा ठेवावा आणि अधूनमधून त्यावर फुंकर घालावी, तसं तिचं दुखणं होतं. पेटायचं, राखेखाली जायचं, पुन्हा पेटायचं.

नवरा, सुदाम, संक्रांतीला घरी आला होता. चार दिवस राहिला आणि परत ट्रकवर गेला. त्यानंतर हे सुरू झालं. अंगावरून जायचं, लघवीला आग व्हायची. आता पाच दिवसांपासून दिवस कलला की ताप भरायचा. तिनं धीर करून फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "गरम पडलं असंल. ताक पी." आणि फोन ठेवून दिला.

ताक पिऊन झालं होतं.

दवाखाना दिवाळीनंतर आला. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत दर मंगळवारी वसमतहून डॉक्टरीण यायची, प्रियदर्शनी नावाची. दोन वाजेस्तोवर बसायची. पाटीवर 'प्रजनन व लैंगिक आरोग्य' असं लिहिलेलं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यातल्या एका शब्दावर डांबर फासलं. कोणत्या, ते सांगायला नको.

समोरच्या लिंबाच्या पारावर महिनाभर तोच विषय.

"आपल्या लेकीबाळींला हे काय शिकवून राहिले?"

"जी तिथं जाईल, तिच्यात खोट असणारच. चांगल्या घरच्या बाईला कशाला लागतंय असलं औषध?"

पहिल्या मंगळवारी एक बाई लेकीला घेऊन गेली होती. पोरीची पाळी महिना-महिना थांबायची नाही, एवढंच. आठ दिवसांत हट्टा गावात ठरलेली सोयरीक मोडली. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

मग सरपंच सोनाजी कुलूपच घेऊन आला. त्याला अडवलं ते सुमनबाईनं.

"कुलूप लावलं तर तालुक्याचा साहेब येईल. पेपरात गावाचं नाव येईल. कशाला ती तकलीफ? त्यापरीस मी बसते माझ्या ओट्यावर. बघते, कोणती बाई त्या दारातून आत जाती ते."

पार खदखदून हसला. सुमनबाईची जीभ गावाला माहीत होती. नवरा गेल्यावर तीस वर्षं तिनं त्या जिभेवरच शेत राखलं होतं.

"आता चिमणी बी जायची न्हाई आत," सोनाजी म्हणाला आणि कुलूप परत घेऊन गेला.

तसंच झालं. मंगळवार आले, गेले. बाकडं रिकामं राहिलं. डॉक्टरीण यायची, दार उघडायची, दोनला जीपमध्ये बसून जायची. पारावरची माणसं तिला बघून तंबाखू मळायची आणि समाधानानं हसायची.

संगिताला वाटायचं, निदान हळद निवडायला तरी जावं. चार बायांत बसावं, कुणाच्या तरी कानाशी लागून विचारावं. पण सासरा जळबा म्हणायचा, "माझी सून लोकाच्या घरी हळद निवडणार न्हाई. आपल्याला काय कमी हाय?"

पुढच्या मंगळवारी सकाळीच ताप चढला. चूल दोन-दोन दिसू लागली. धाकटं लेकरू मांडीवर आलं आणि "आई, तू चटके देऊन राहिली," म्हणून उठून गेलं.

दीड वाजला होता. संगितानं हंडा घेतला नाही. काही सोंग घेतलं नाही. पदर डोक्यावर ओढला आणि सरळ निघाली.

पारावर सोनाजी होता. शेजारी जळबा. तिनं दोघांनाही पाहिलं. दोघांनीही तिला पाहिलं. तिला वाटलं, माहेरी पाठवतील. लेकरं ठेवून घेतील. पण आपण मेलो तर तशीही लेकरं मागं राहतीलच.

तिचा पाय पायरीवर पडला आणि मनगट कुणाच्या तरी मुठीत गेलं.

"कुठं निघालीस गं, भवाने?" सुमनबाई ओरडली तशी लिंबावरची पाखरं उडाली. "जळबाभाऊ, बघा तुमची सून! भर दुपारी, सासऱ्याच्या डोळ्यादेखत!"

जळबा उठून उभा राहिला. चेहरा काळाठिक्कर पडलेला.

"बसा तुमी. पुरुषमाणसानं यात पडू नये," सुमनबाई म्हणाली. "हिला मी बघते बराबर. पुन्हा या पायरीकडं तोंड करायची न्हाई."

"चांगली जिरव तिची," सोनाजी पारावरून म्हणाला.

"आत्याबाई, पाया पडते," संगिता रडत म्हणाली. "मी मरून जाईन वो."

"गप! चल आत."

सुमनबाईनं तिला ओढत आपल्या घरात नेलं. दाराला आतून कडी घातली. संगिता भिंतीशी अंग चोरून उभी राहिली. आता पाठीत बसणार म्हणून तिनं डोळे मिटले.

मार बसला नाही. कपाळावर एक खरबरीत तळवा टेकला आणि पटकन मागं गेला.

"अगं माय, किती तापलीस! हळद निवडायला आधीच न्हाई का यायचं?"

सुमनबाईनं तिच्या कमरेला हात घातला आणि स्वयंपाकघरातून तिला परसात नेलं. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला माणूस जाईल एवढं खिंडार पाडलेलं होतं. पलीकडं डॉक्टरीण एकीचा हात धरून नाडी बघत होती, आणि अलीकडं सावलीला दहा-बारा बाया ओळीनं बसल्या होत्या, हातात आपापले कागद. सगळ्यांत पुढं सरपंचाची बायको, आशाबाई.

"सरका गं, हिला पयली जाऊ द्या," म्हणून सुमनबाई माघारी फिरली, आणि ओट्यावर येऊन दवाखान्याला मोठ्यामोठ्यानं शिव्या द्यायला बसली.