जागेवरची चिठ्ठी

रुमेना बल्गेरियातल्या गाब्रोवो गावाजवळच्या एका ग्रंथालयात कामाला लागली, तेव्हा थोरल्या ग्रंथपाल त्सोनकाबाईंनी बजावलं होतं, "फळीवरून पुस्तक काढलंस की जागेवर चिठ्ठी ठेवायची. काय नेलं, किती वाजता, परत कधी. टेबलावरच्या वस्तूंनाही तोच नियम. नाहीतर तुला शिस्त लागायची नाही."

सोमवारी तीन दहाला कात्री गेली. जागेवर चिठ्ठी होती: परत उद्या. मंगळवारी कात्री आली आणि तीन दहालाच शिक्का गेला. चिठ्ठीवरचं अक्षर रुमेनाचं होतं, पण तिने ती लिहिली नव्हती.

तिला बाईंचाच संशय आला. "माझी परीक्षा घेताय का?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का? चिठ्ठी आहे ना, मग वस्तू येईल."

बुधवारी तिने टेबल पार रिकामं केलं आणि पाळत ठेवत खिडकीशी उभी राहिली. तीन दहा झाले. काहीच हललं नाही. मात्र तिच्या खुर्चीवर चिठ्ठी होती: रुमेना, तीन दहा. परतीचा रकाना कोरा.

बाई चीज भरून भाजलेल्या बनित्साची बशी घेऊन आल्या. "रुमेना?"

"इथेच आहे की, बाई."

बाईंनी तिच्या आरपार खिडकीबाहेर पाहिलं आणि चष्मा लावून खुर्चीवरची चिठ्ठी वाचली. मग समाधानाने म्हणाल्या, "चला, लागली एकदाची शिस्त."