उरलेलं अर्धं
“अर्ध्यावर सोडायचं न्हाई, पोरी!” फवारणीच्या विषानं हात थरथरू लागलेले पप्पा म्हणाले, आणि आराधनानं उतारा शोधायचा शब्द दिला. पण प्रयोगशाळेत आज पुन्हा तेच झालं. त्या विषाचे रेणू दोन तऱ्हांचे, आरशातल्यासारखे एकमेकांच्या उलट. बोकडाच्या कलेजीतल्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, उजवे तेवढे फोडले. डाव्यांना शिवलंसुद्धा नाही. वैतागून तिनं रबरी हातमोजा चढवायला घेतला, तर उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात शिरेचना. “विकराचंही हेच झालंय,” तिचे मार्गदर्शक सर हसले. “अर्धं विष तर गेलं. प्रबंध लिहा आणि सुटा.” “उरलेलं अर्धं कुणी सोसायचं, सर?” ती हळूच म्हणाली. कोंबडीचं विकर कदाचित डावे फोडेल, या आशेनं तिनं भिंगारच्या खाटीक चांदभाईंना फोन लावला. “उद्या बोकडाऐवजी कोंबडीची कलेजी ठेवाल?” “तुमचा ईस्टरआधीचा लेंटचा उपास, आमचा रोजा, अन् सौदा कलेजीचा! या, ताई.” पहाटेची प्रार्थना आटोपून, उपाशीपोटीच, बर्फाचा डबा उचलून ती शांतपणे निघाली.